दोन बोटं आत

दि. ४ नोव्हेंबर

आदरणीय वहिनी,

धाकट्या दिराचा नमस्कार. इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत, म्हणजे वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो आणि एकमेकांच्या वाटेत येत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या बहिणीकडचे दोन जिने तुम्हाला सोसत नाहीत, असं तुमची चिमी म्हणत होती. आपल्या घराला तीनच पायऱ्या आहेत, असं मनात आलं. लिहिणार नव्हतो, पण लिहून गेलं.

साडेतीन वर्षांतलं हे माझं पहिलं पत्र. फोन का नाही केला, असं तुम्ही विचाराल. फोनवर माझी जीभ टाळ्याला चिकटते. शिवाय आपल्या घरात भिंतींना कान असायची गरज नाही, दादा आहे.

बातम्या सांगतो. मोरीचा नळ अजून गळतो. दादाने तो तीनदा दुरुस्त केला आणि तिन्ही वेळा नळ जिंकला. माझं दुकान तुम्ही पाहिलं होतं तसंच आहे, घराच्या मागच्या खोलीत. खिडकी उघडली की समोर शेजारच्या गोदामाची भिंत. त्या भिंतीकडे बघत मी पस्तीस वर्षं टाके घातले. आता तिच्यातली वीट न् वीट मला ओळखते.

सध्या माझा हंगाम आहे. वीस तारखेला सभागृहात माजी सैनिकांचा सत्कार. नोव्हेंबर लागला की सगळ्या निवृत्त मंडळींच्या एकदम लक्षात येतं की वर्षभरात कोट आक्रसला. पोट वाढलं असं आजवर एकानेही कबूल केलेलं नाही. मी गुपचूप शिवण सोडून देतो आणि म्हणतो, हो, कापड असं करतंच. तोफखान्यातले बहिरे आजोबा काल येऊन गेले. त्यांची पदकं पट्टीवर नव्याने शिवायची होती. पदकं शिवताना ते समोर बसून राहतात, नजर हलवत नाहीत. एक पदक त्यांचं नाही, त्यांच्या शेजारी पडलेल्या मित्राचं आहे, त्याला घरचं कोणी नव्हतं. ते पट्टीच्या आतल्या बाजूला शिवायचं असतं, कोणाला दिसू नये असं. या लोकांची कामं मी मनापासून करतो, वहिनी. तुम्हाला राग येईल, पण खरं तेच सांगतो.

चिमी चष्म्याच्या दुकानात रमली आहे. काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम आता तिच्याकडे आहे. पोरीचा हात स्थिर आहे, असं मालक म्हणतो. घरी आली की पहिल्यांदा आमचे चष्मे काढून घेते आणि पुसून देते. दादाचासुद्धा. तो मान पुढे करतो.

आता मुख्य बातमी. मुख्य म्हणजे तशी काही नाही, आपल्या घराच्या रिवाजाप्रमाणेच आहे. यंदा दादाच्या माजी सैनिक संघटनेने ठरवलंय की ज्या घरातून पिढ्यान् पिढ्या माणूस सैन्यात गेला, त्या घराचाही सत्कार करायचा. आपल्या भिंतीवर चार तसबिरी आहेत. आजोबा, वडील, दादा आणि तुमचा सोन्या. मागच्या आठवड्यात दादाने पाचवा खिळा ठोकला. भरतीचा अर्ज चिमीच्या टेबलावर आणून ठेवला. तो म्हणाला, "मुलगी असली म्हणून काय झालं? रक्त तेच." चिमीने अर्ज वाचला, घडी केली आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवला. शेवटची तारीख तीस आहे.

आणि काल तो ट्रंकेतून आजोबांचा कोट घेऊन दुकानात आला, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तयार ठेव." बस्स, दोन शब्द.

तुम्ही लग्न होऊन या घरात आलात तेव्हा आईने तुम्हाला या कोटाची गोष्ट सांगितली होती, आठवतं? आजोबांचा कोट घरातल्या मुलाला विसाव्या वर्षी सर्वांसमोर घालायचा, आणि जो जायला जन्मला आहे त्याला तो अंगाबरोबर शिवल्यासारखा बसतो. वडिलांना बसला, दादाला बसला. तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात आणि म्हणालात, "कापडाला काय कळतं?" आई तुमच्यावर आठ दिवस रुसली होती. मग सोन्यालाही तो बसला, तेव्हा तुम्ही हसला नाहीत.

मला कोणी घालून पाहिला नाही. डावा पाय दीड इंच आखूड असलेल्या मुलाला कोट कशाला? एकदा दुपारी मीच घालून आरशासमोर उभा राहिलो होतो. आई आली, म्हणाली, "काढ, चुरगळेल." आणि त्याच दिवसापासून तिने मला हातशिलाई शिकवायला घेतली.

असो. तुम्ही या, असं मी म्हणत नाही. सभागृहात मागच्या रांगेत, परत न आलेल्यांच्या घरच्यांच्या खुर्च्या असतात, तिथे दरवर्षी तुमच्या नावाची चिठ्ठी लावतात. ती खुर्ची रिकामी असते, एवढंच कळवतो.

एक विचारायचं होतं. कोटाच्या वर्षी सोन्या किती दिवस धड जेवत नव्हता? आठवलं तर कळवा. सहज विचारतोय.

आपला,
धाकटा दीर

&nbsp;

दि. १३ नोव्हेंबर

आदरणीय वहिनी,

नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनची सायकल वाजली की मशीनवरचा पाय आपोआप थांबायचा.

मागच्या पत्रात मी "सहज" असं लिहिलं. ते खोटं होतं. सोन्याच्या जेवणाचं तुम्हीच मला सांगितलं होतं, हे घर सोडलंत त्या दिवशी. बॅग पायऱ्यांवर होती, रिक्षा उभी होती. तुम्ही म्हणालात, "भावजी, जायच्या आधी पोराने दोन महिने धड घास घेतला नाही. मी ताट झाकून ठेवायची, सकाळी तसंच असायचं. मला वाटलं, कोणा मुलीचं काही असेल." मग म्हणालात, "या घरात तुम्ही तेवढे माणूस आहात. चिमीकडे लक्ष द्या." रिक्षा वळली आणि मी आत जाऊन मापांची वही काढली.

आता सगळं सांगतो. मध्येच पत्र फाडू नका, शेवटपर्यंत वाचून मग फाडा.

तो कोट कोणालाच बसत नाही. कधीच बसला नव्हता. ज्याला घालायचा त्याच्या मापाचा तो आधी करून ठेवतात. दादाच्या वेळी आईने केला. तिने मला हात धरून शिकवलं की मुंढा, म्हणजे बाहीचा जोड, कसा उसवायचा, जुन्या टाक्यांच्या ओळीशेजारी नवी ओळ कशी घालायची, अस्तर कसं परत लावायचं. कापायचं काही नाही, माया, म्हणजे जादा कापड, सगळी आत तशीच ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी सोडता येते. ती म्हणाली, "पुरुषांना यातलं सांगायचं नसतं." मी पुरुष आहे हे तिच्या लक्षात आलं नसावं.

सोन्याची वेळ आली तेव्हा आई नव्हती, मी होतो. त्या वर्षी ऑगस्टात मी त्याला शर्ट शिवला होता. वहीत माप आहे, छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस. नोव्हेंबरात कोटासाठी माप घेतलं, छाती साडेएकतीस, कंबर पंचवीस. तीन महिन्यांत पोरगं इतकं उतरलं आणि मी शिंपी माणूस, मला वाटलं टेप जुनी झाली. नवी टेप आणली. माप तेच आलं. मी ते लिहून ठेवलं.

मग त्याला कोट घालून पाहिला. खांदे खाली उतरले, पाठीत माझा पंजा जाईल एवढी जागा राहिली. सोन्या आरशात बघत होता. त्याचा चेहरा एकदम उजळला, वहिनी. लहानपणी शाळेला सुट्टी मिळाली की उजळायचा ना, तसा. म्हणाला, "काका, नाही बसत ना?"

मी म्हणालो, "काळजी कशाला करतोस? काका मेलाय काय? दोन बोटं आत घेतो, मग बघ."

तो आरशापासून वळला. मग हसला. कोट काढला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, "काका, तुझा हात फार चांगला आहे."

मला ते कौतुक वाटलं! संध्याकाळी मी दादाला सांगितलंसुद्धा की पोरगं माझ्या कामाची तारीफ करत होतं.

बोलून नाही म्हणता येत नव्हतं म्हणून त्याने अंगाने नाही म्हणायचा प्रयत्न केला. उपाशी राहिला. दोन महिने तो कोटातून बारीक होऊन निसटू बघत होता आणि मी दोन बोटं आत घेऊन त्याला पुन्हा त्यात बसवला. सभागृहात टाळ्या झाल्या. दोन वर्षांनी त्याच्या चौकीवर दरड कोसळली. तुम्ही दादाला सोडून गेलात, आणि जाताना मला माणूस म्हणालात. ते मी मुकाट ऐकून घेतलं. तुम्हाला तेव्हाच पत्र लिहायला हवं होतं, पण तुमच्या नजरेत एकाला तरी चांगलं राहू दे, असं वाटलं. तो एक मीच होतो.

आता चिमीचं. परवा ती चष्म्याच्या दुकानातून सुटल्यावर थेट माझ्याकडे आली. कोट टेबलावर होता. मी अजून हात लावला नव्हता. तिने खिशातून कामाची, डोळ्याला लावायची भिंगाची काच काढली आणि काखेतली शिवण बघायला लागली. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "काका, हा किती वेळा उसवलाय?"

मी म्हणालो, "जुना कोट आहे, शिवण सुटते."

"सुटलेली शिवण अशी नसते. इथे भोकांच्या चार ओळी आहेत. शेवटच्या ओळीतले टाके तुझे आहेत. तुझा तिसरा टाका नेहमी जरा तिरपा पडतो."

पस्तीस वर्षांत माझा तिसरा टाका तिरपा पडतो हे एकाही गिऱ्हाइकाने सांगितलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, सोन्याच्या जेवणासकट. ती रडली नाही. काच पुसली, डबीत ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली.

मी विचारलं, "चिमे, तुला जायचंय का?"

ती म्हणाली, "काका, मला खरंच कळत नाही. बाबांकडे बघितलं की वाटतं जावं. सोन्यादादाच्या तसबिरीकडे बघितलं की वाटतं आपण नाही गेलो तर तो उगाच गेला असं होईल. दुकानात काच घासायला बसले की वाटतं, इथेच बरं आहे. पण सगळ्यांसमोर तो अंगाला बसला आणि बाबा म्हणाले की अंगाबरोबर शिवल्यासारखा बसला, तर मला नाही म्हणता येणार नाही. तू कोटाला नको विचारूस. मला विचार. आणि उत्तर द्यायला वेळ दे."

वेळ सात दिवसांचा आहे. कोट तिच्या मापाचा केला तर तिला मी पाठवली. नाही केला तर दादाची भर सभेत शोभा, आणि पोरगी सर्वांसमोर त्या कोटात बुडणार. पळून जावं म्हटलं तर दीड इंच आखूड पायाने कुठवर जाणार? आणि दुकान घरातच आहे.

शनिवारी दादाला सांगणार आहे. हे लिहिलं म्हणजे आता सांगावंच लागेल, म्हणून लिहितोय.

आपला,
धाकटा

&nbsp;

दि. २१ नोव्हेंबर

वहिनी,

काल सत्कार झाला. क्रमाने सांगतो, नाहीतर माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

शनिवारी दुपारी दादा जेवून बुटांना पॉलिश करत बसला होता. मी समोर स्टूल ओढून बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. आईने तुझ्या वेळी कोट आत घेतला होता, सोन्याच्या वेळी मी घेतला. दादाचा ब्रश थांबला नाही. तो म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आईला कोटाच्या काखेत टाके घालताना मी दारातून पाहिलं होतं. मला वाटत होतं, आई तरी म्हणेल, राहू दे, पोराला नाही बसत. तीच शिवत होती. मग मी कोणाकडे बघून नाही म्हणणार होतो?"

वहिनी, चाळीस वर्षं हा माणूस ते पोटात घेऊन फिरत होता. आणि मला त्याची दया यायच्या आधी संताप आला. मी म्हणालो, "तुला माहीत होतं आणि तरी सोन्याच्या वेळी कोट माझ्या टेबलावर आणून ठेवलास?"

तेव्हा त्याने ब्रश खाली ठेवला. "मला वाटलं, तू नाही शिवणार. तू तरी. तू कधी गेला नाहीस, तुझ्यावर कोणी काही लादलं नाही. तू म्हणशील, दादा, नाही बसत, आणि मग मला काही बोलावं लागणार नाही."

"तू बाप होतास. दोन शब्द बोलायला काय झालं होतं?"

"आणि तुला दोन टाके न घालायला काय झालं होतं?"

आम्ही दोघंही म्हातारे होत आलेलो, पण एकमेकांच्या अंगावर धावून जातो की काय असं झालं. मग तो हळूच म्हणाला, "तुला आवडलं होतं ते. टाळ्या पडल्या तेव्हा तू पडद्याआड मान वर करून उभा होतास. मला स्टेजवरून दिसत होतं."

वहिनी, हे खरं आहे. हेच मी दोन पत्रांत तुमच्यापासून लपवलं. सोन्याचं माप चुकीचं वाटलं तेव्हा मी थांबलो असतो, पण मला थांबायचं नव्हतं. वर्षभर या घरात माझी गरज लागते ती बटणं लावायला. त्या एका दिवशी घराची अब्रू माझ्या सुईवर होती. मी गेलो नव्हतो, पण जो जात होता तो माझ्या हाताखालून जात होता. एवढंच माझ्या वाट्याला आलं होतं आणि मी ते दोन्ही हातांनी धरलं.

मी उठलो, दुकानात गेलो आणि कोट उसवायला घेतला. माझे टाके काढले, आईचे काढले, त्याच्या आतले जाड काळे दोरे काढले, ते बहुतेक आजीचे. त्याच्याही आत चौथी ओळ निघाली, ओबडधोबड, शिवण न येणाऱ्या माणसाने घातलेली. ती आजोबांची स्वतःची असणार. कॉलरखालचं अस्तर सोडलं तर तिथे लष्करी स्टोअरचा शिक्का आहे आणि मापाचा आकडा. आजोबा उंच नव्हते हे तुम्हाला माहीत आहे, तसबीर उंच टांगली म्हणून ते उंच वाटतात. हा कोट त्यांच्याहून हातभर मोठ्या माणसाचा आहे. त्यांना कोणी माप विचारलं नाही, हाताला लागला तो दिला, त्यांनी बाह्या दुमडल्या आणि निघाले. त्या दुमडलेल्या बाह्यांपासून आपण सगळे सुरू झालो.

दादा दारात येऊन उभा राहिला होता. शिक्का मी त्याला दाखवला. त्याने चष्मा वर करून बघितला आणि गेला. कोट शीव असं म्हणाला नाही आणि नको असंही म्हणाला नाही. मी चिमीला मात्र सांगून ठेवलं, कोट आहे तसाच येणार आहे, तुला नको असेल तर येऊ नकोस. ती म्हणाली, "मी येणार."

काल सभागृह भरलं होतं. मी पडद्याआड बसलो नाही, बाजूच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. नावं वाचायला सुरुवात झाली. ज्याचं नाव येईल त्याने उठून उभं राहायचं. तोफखान्यातल्या आजोबांना ऐकू येत नाही, त्यामुळे आपलं नाव चुकू नये म्हणून ते प्रत्येक नावाला उठत होते. ऐंशी नावांना ऐंशी वेळा. सुरुवातीला लोक हसले. मग गेलेल्यांची नावं सुरू झाली, तेव्हा कोणीच उठायचं नसतं, तरी ते उठत राहिले. सोन्याच्या नावाला एवढ्या मोठ्या सभागृहात तेच एकटे उभे होते, हात कपाळाला लावून. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

मग दादा माईकवर आला. घराण्याचा सत्कार झाला, शाल दिली, फोटो निघाला. त्याने चिमीला बोलावलं आणि कोट उघडला.

तो तिच्या गुडघ्यांखाली गेला. बोटंसुद्धा बाहेर दिसेनात. मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं. चिमी खाली बघत नव्हती, बापाकडे बघत होती. दादाने माईक तोंडाजवळ नेला. वडिलांनी म्हटलेलं वाक्य, त्याने स्वतः सोन्याच्या वेळी म्हटलेलं वाक्य. "अंगाबरोबर," एवढं म्हणाला आणि त्याने चिमीची लोंबणारी बाही हातात धरली.

 मला वाटलं, आता हा म्हणणार, पुढच्या वर्षी बसेल. त्याने बाही सोडली आणि म्हणाला, "बसत नाही." मग म्हणाला, "मलाही बसत नव्हता. माझ्या मुलालाही बसत नव्हता. तो उपाशी राहिला होता. मी ताट बघत होतो."

तो ताट बघत होता, वहिनी. तुम्ही झाकून ठेवायचात ते ताट तो उठून बघत होता. हे त्याने मला शनिवारीसुद्धा सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं माझं पाप सगळ्यात मोठं. त्यातही दादा थोरला निघाला.

माईक तिथेच ठेवून तो स्टेज उतरला. पहिल्या रांगेत अध्यक्षांची खुर्ची आहे, त्याची. तिच्यावरून पुढे गेला. सैनिकांच्या रांगा संपल्या, पाहुण्यांच्या संपल्या, तो सगळ्यात मागच्या रांगेत गेला. गेलेल्यांच्या घरच्यांची रांग. चार वर्षं झाली, तो तिथे एकदाही बसला नव्हता. तुमच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची होती, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि तुमची चिठ्ठी पडू नये म्हणून तिच्यावर हात ठेवून राहिला. कार्यक्रम संपेपर्यंत तो हात त्याने काढला नाही.

तुम्हाला वाटेल की आता सगळं मोकळं झालं. तसं नाही. सकाळपासून दादा बोललेला नाही. पाचवा खिळा भिंतीवर आहे. संघटनेचे दोघेजण येऊन गेले, म्हणाले, घराण्याची लाज काढलीत. तोफखान्यातले आजोबाही आले होते, त्यांना काय झालं ते कळलेलंच नाही, ते मला म्हणाले, कार्यक्रम छान झाला. अर्ज अजून डबीखाली आहे आणि तारीख तीसच आहे. चिमी काल थंडी होती म्हणून तोच कोट घालून, बाह्या दुमडून, बसमधून घरी आली. मला म्हणाली, "काका, आता जास्त अवघड झालं. आधी कोटावर ढकलता येत होतं." ती जाईल की राहील, मला माहीत नाही. दादा आणि मी तिच्या दारावरून चपला हातात घेऊन जातो, आमच्या पावलांनी तिचं ठरू नये म्हणून.

कोट माझ्या टेबलावर आहे, उसवलेला. तो मी आता शिवणार नाही. चिमी जायची ठरली तर तिच्या मापाचा नवा शिवीन, आणि राहायची ठरली तर तिला दुकानात घालायला एक बरा झगा शिवीन. दोन्हींचं माप एकच आहे.

वहीतलं सोन्याचं पान फाडून सोबत पाठवतो. दोन तारखा, दोन मापं. मी फार वेळा हात लावल्यामुळे कडा मळल्या आहेत. ते ठेवायचा हक्क माझा नाही, तुमचा आहे.

तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. पण तीस तारखेच्या आत चिमीला एक फोन करा आणि जा किंवा राहा यातलं काही सांगू नका. नुसतं विचारा, आज जेवलीस का. या घरात ते वेळेवर कोणी विचारलं नाही.

ज्याला तुम्ही माणूस म्हणाला होतात,
आणि ज्याने दोन बोटं आत घेतली,
तो